पावसाळी समुद्रावरील पक्ष्यांची ओळख

मृग नक्षत्राच्या पहिल्या सरी कोंकणपट्टीवर उतरल्या म्हणजे होड्या वाळूवर ओढून झांपांखालीं घेतल्या जातात, जाळीं माळ्यावर चढतात आणि मनुष्यापुरता समुद्र बंद होतो. पूर्वीं हा बंद रूढीचा होता. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण केल्यावांचून कोळी होडी पाण्यांत लोटीत नसे. हल्लीं रूढीला कायद्याचीहि जोड मिळाली असून पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची मनाई असते. परंतु ज्या दिवसांत समुद्राकडे कोणी फिरकत नाहीं, नेमक्या त्याच दिवसांत किनाऱ्यासमोरून असे कांहीं पक्षी जात असतात कीं, जे एरवीं भूमीच्या दृष्टीसहि पडत नाहींत. नैर्ऋत्येचा सोसाट्याचा वारा त्यांना खोल समुद्रांतून किनाऱ्याकडे रेटीत आणतो. एखाद्या भूशिरावर, जुन्या तटाच्या आडोशाला उभा राहिलेला निरीक्षक पाहतो तों दोन लाटांच्या मधून एक काळा ठिपका वर येतो, एका अंगावर कलतो, पुन्हां खालीं बुडतो आणि पावसाच्या पडद्याआड नाहींसा होतो. सारा प्रकार तीन-चार सेकंदांचा. तो पक्षी कोणता होता?

या प्रश्नाचें उत्तर देणें हें पक्षिशास्त्रांतील एक अत्यंत अवघड काम समजलें जातें. रानांतील पक्षी निसटला तर त्याचा आवाज मागें राहतो, तो कोणत्या झाडावर बसला होता हें ठाऊक असतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच ठिकाणीं तो पुन्हां भेटण्याची आशा असते. समुद्रावर यांपैकीं कांहींच नसतें. वाऱ्याच्या घोंघावण्यांत आवाज ऐकूं येत नाहीं, जागा म्हणून कांहीं खूण राहत नाहीं आणि गेलेला पक्षी परत येत नाहीं.

हे पक्षी येतात कोठून, हें प्रथम पाहिलें पाहिजे. कारण ओळखीच्या कामांतील बऱ्याच चुका चुकीच्या अपेक्षेपोटीं जन्मतात. हिंवाळ्यांत बंदरांवर जे पांढरे-राखी कुरव थव्यांनीं घिरट्या घालतात ते पावसाळ्याआधींच उत्तरेकडे निघून गेलेले असतात. तपकिरी डोक्याचा कुरव तर मध्य आशियांतील उंच पठारांवरच्या सरोवरांकांठीं घरटीं करतो. म्हणून आषाढांत लाटांवरून जाणारा प्रत्येक पक्षी “कुरवच असेल” असें मानणारा मनुष्य आरंभींच फसतो. या दिवसांतले खरे पाहुणे दक्षिणेकडचे. तिकडे दक्षिण गोलार्धांत जून-जुलै म्हणजे कडक हिंवाळा. अंटार्क्टिक प्रदेशाच्या खडकांत पिल्लें वाढवून मोकळा झालेला विल्सनचा पेट्रेल, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर आणि हिंदी महासागरांतील सेंट पॉल बेटावर वीण करणारा गुलाबी पायांचा शिअरवॉटर, असे पक्षी त्या सुमारास विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रांत उतरतात. ते येतात तें अन्नासाठीं. सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यांजवळ मोसमी वारा पृष्ठभागावरचें पाणी दूर लोटतो; त्याची जागा भरून काढण्यासाठीं खालचें थंड पाणी वर येतें, त्याबरोबर खोलांतले क्षार वर येतात, त्यांवर सूक्ष्म वनस्पति पोसतात आणि त्यांच्यामागून मासळी येते. ज्या वाऱ्यामुळें कोंकणांतलें जाळें कोरडें पडतें, त्याच वाऱ्यामुळें समुद्राच्या पलीकडच्या कांठीं ही पंगत मांडली जाते. त्या पंगतीकडे जाणारे-येणारे, थकलेले, वादळांत सांपडलेले असे कांहीं पक्षी आपल्या किनाऱ्यासमोर येतात.

आतां प्रत्यक्ष दिसण्याच्या अडचणींकडे वळूं. पहिली अडचण प्रकाशाची. पावसाळी आकाश सर्व बाजूंनीं सारखेंच धुरकट उजळलेलें असतें. त्याच्या पार्श्वभूमीवर कोणताहि पक्षी काळा दिसतो. पोट शुभ्र असलें तरी तें सावलींत असल्यामुळें राखी भासतें. तोच पक्षी क्षणार्धांत खालीं येऊन लाटेच्या गडद भिंतीसमोर गेला म्हणजे तेंच पोट चमकून जातें, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं पक्षी दोन होते. पर्शियन शिअरवॉटर हें याचें उत्तम उदाहरण आहे. ओमानलगतचीं हल्लानियात बेटें व सोकोत्रा हीं त्याचीं वीण करण्याचीं ठिकाणें. पाठ गडद तपकिरी, पोट पांढरें, लांबी सुमारें ३० सेंटिमीटर. पंख ताठ धरून तो या अंगावरून त्या अंगावर कलत जातो, त्यामुळें एकदां काळा, एकदां पांढरा, पुन्हां काळा असा लुकलुकतो. सरावलेला निरीक्षक त्याचा रंग कोणता हें ठरविण्याच्या भरीस पडत नाहीं. हें लुकलुकणेंच तो खूण म्हणून धरतो.

दुसरी अडचण आकाराची. “पक्षी केवढा होता?” या प्रश्नाला समुद्रावर प्रामाणिक उत्तर बहुधा नसतें. जमिनीवर झाड, खांब, गुरें यांच्याशीं तुलना करतां येते. पाण्यावर तुलनेला कांहींच नसतें. अंतर ठाऊक नसेल तर आकार कळत नाहीं, आणि आकार ठाऊक नसेल तर अंतर कळत नाहीं. जवळून गेलेलें लहान पांखरूं आणि दुरून गेलेला मोठा पक्षी डोळ्याला एकच. थोडा हिशेब करून पाहावा. विल्सनच्या पेट्रेलच्या दोन्ही पंखांचा पसारा सुमारें ४० सेंटिमीटर असतो. अर्धा किलोमीटर अंतरावरून, आठपट मोठें दाखविणाऱ्या दुर्बिणींतून तो पसारा नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या पाऊणपटीहूनहि थोडा कमीच भरतो. एवढ्याशा जागेंत शेपटी दुभंगलेली होती कीं सरळ, हें पाहावयाचें. आणि तेंहि भिंगावर खाऱ्या पाण्याचे तुषार सांचत असतां!

तिसरी अडचण लाटांची. पुळणीवर उभ्या असलेल्या मनुष्याचा डोळा पाण्यापासून दोन मीटर उंच धरला तर क्षितिज सुमारें पांच किलोमीटरवर येतें. ३० मीटर उंचीच्या कड्यावरून तेंच वीस किलोमीटरच्या जवळपास जातें. पावसांत एवढ्या दूरचें दिसण्याचा प्रश्नच नसतो. परंतु उंचीचा खरा लाभ निराळा आहे. खालून पाहणाऱ्याला लाटांचे केवळ माथे दिसतात, वरून पाहणाऱ्याला दोन लाटांमधील खळगेहि दिसतात, आणि पेट्रेलसारखे लहान पक्षी वाऱ्याचा मारा चुकविण्यासाठीं त्या खळग्यांतूनच जात असतात. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारा पक्षी सेकंदाला चौदा मीटर कापतो. म्हणजे चार सेकंद नजर चुकली कीं तो ५५ मीटर पुढें गेलेला असतो, आणि दुर्बीण मात्र जुन्याच जागीं रोखलेली राहते. म्हणून जाणते लोक बसण्याची जागा दुर्बिणीपेक्षांहि चोखंदळपणानें निवडतात. उंच, वाऱ्याला पाठ किंवा बाजू देणारी, भिंतीचा आडोसा असलेली जागा मिळाली तर अर्धें काम झालें. छत्रीचा भरवंसा धरण्यांत अर्थ नाहीं; कोंकणांतल्या वाऱ्यापुढें ती पहिल्या अर्ध्या तासांतच उलटी होते. शेतकऱ्याचें इरलें त्यापेक्षां बरें.

इतक्या अडचणी असतांहि समुद्रपक्षी ओळखणारी माणसें आहेत, आणि तीं उगाच बढाई मारीत नाहींत. तीं ओळखतात कशीं? इंग्रज पक्षितज्ज्ञ टी. ए. कॉवर्ड यांनीं १९२१ च्या सुमारास आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका रहिवाशाची गोष्ट सांगितली आहे. त्याला आपल्या खडकांवर येणारे प्राणी-पक्षी पाहतांक्षणीं ओळखूं येत. कशावरून, असें विचारलें असतां तो एकच शब्द सांगे: ‘जिझ’. तेव्हांपासून हा शब्द पक्षिनिरीक्षकांच्या बोलींत रुजला. मराठींत त्याला ‘ढब’ हा शब्द तंतोतंत बसतो. गल्लीच्या टोकाला पाठमोरा जाणारा मनुष्य चेहरा दिसण्यापूर्वींच ओळखूं येतो, तो ढबीवरून. त्यांत अंगाची ठेवण येते, हालचालीचा ताल येतो, आणि ज्याला वेगळें नांव देतां येणार नाहीं असें आणखी कांहीं येतें. विल्सनचा पेट्रेल पाण्यालगत पंख उभारून, लांब पाय खालीं सोडून लाटेवर चालल्यासारखा थबकत जातो. पेट्रेल हें नांवच पाण्यावरून चालणाऱ्या सेंट पीटरवरून पडलें, अशी समजूत आहे. गुलाबी पायांचा शिअरवॉटर पंख ताठ, सरळ धरून जड अंगानें जातो; त्याच्याच रंगाचा, पाचरीसारख्या शेपटीचा त्याचा भाऊबंद अंगानें हलका असून पंख पुढें काढून थोडे वांकवून धरतो, आणि त्याचें उड्डाण अधिक सैल वाटतें.

मात्र ढबीवर विसंबणाऱ्याला वादळांत एक मोठा धोका असतो, आणि तो पुस्तकांत पुरेसा स्पष्ट केलेला आढळत नाहीं. पक्ष्याची ढब वाऱ्याबरोबर बदलते. शिअरवॉटरचें उड्डाण हा वाऱ्याशीं केलेला एक व्यवहार आहे. पाण्यालगतचा वारा लाटांशीं घासून मंद झालेला असतो, आणि थोडें वर जावें तों त्याचा वेग वाढतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून वर चढतो, वरच्या वेगवान वाऱ्याचा जोर घेतो, वळतो आणि वाऱ्याबरोबर घसरत पुन्हां पाण्यापाशीं येतो. असें वर्तुळावर वर्तुळ काढीत तो पंख फारसे न हलवितां मैलच्या मैल जातो. वारा पडला कीं तोच पक्षी फडफड करूं लागतो, थोडें तरंगतो, पुन्हां फडफडतो, आणि निराळ्याच जातीचा वाटतो. उलट, वारा फारच वाढला तर जे पक्षी एरवीं फडफडत जातात तेहि ताठ पंखांनीं कमानी घेऊं लागतात. म्हणजे “मंद गतीनें, अधूनमधून पंख हलवीत उडतो” हें वर्णन अमुक एका वाऱ्यापुरतेंच खरें असतें. निवांत हवेंत जहाजाच्या कठड्यावरून शिकलेली ढब वादळी किनाऱ्यावर जशीच्या तशी लावणारा मनुष्य पट्टीच्या गवयाला पडशांत ऐकून तो बेसूर आहे असें ठरविणाऱ्यासारखा होय.

त्यांत पिसें झडण्याचा काळ नेमका हाच. विल्सनचा पेट्रेल आपल्या समुद्रांत असतांनाच जुनीं पिसें टाकून नवीं धारण करतो. त्यामुळें पंखांत मध्येंच खांच पडते, पंखाचा आकार बदलतो आणि उड्डाणाचा तालहि बिघडतो. दक्षिणेकडचे दुसरेहि पाहुणे याच अवस्थेंत असतात.

प्रत्यक्ष पेंच कसा पडतो हें दोन सुरयांच्या उदाहरणानें चांगलें समजेल. यांची रूढ इंग्रजी नांवें मराठींत आणावयाचीं तर एकाला काजळी सुरय व दुसऱ्याला लगामी सुरय म्हणतां येईल. दोघेहि वरून गडद, खालून पांढरे, कपाळ पांढरें, डोळ्यांतून काळी पट्टी, शेपटी लांब दुभंगलेली. काजळी सुरय लक्षद्वीपांतील पिट्टी या उघड्या वाळूच्या बेटावर थव्यांनीं वीण करतो. लगामी सुरयांची वसाहत वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर आहे; त्या खडकांवरील सुरयांविषयीं हुमायून अब्दुलाली यांनीं १९४२ मध्यें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत लिहिलें आहे. दोघांत फरक असा: काजळी सुरयाची पाठ काळी कुळकुळीत, आणि कपाळावरील पांढरा डाग रुंद असून डोळ्याच्या वरच थांबतो. लगामी सुरयाची पाठ राखी-तपकिरी. कपाळावरचा पांढरेपणा अरुंद, पण भुंवईसारखा डोळ्याच्या मागेंपर्यंत गेलेला. आणि काळी टोपी व पाठ यांच्यामध्यें मानेवर फिक्या रंगाचा पट्टा. कागदावर हें वाचतांना चूक होणें अशक्य वाटतें. परंतु ढगाळ उजेडांत, ओल्या पिसांनीं, वाऱ्याविरुद्ध झगडत जाणाऱ्या पक्ष्याची तपकिरी पाठ काळीच दिसते. भुंवई डोळ्याच्या मागें गेली कीं नाहीं, हें तीन सेकंदांत कोण सांगणार? त्यांतल्या त्यांत मानेवरचा फिका पट्टा उपयोगी पडतो, कारण तो दुरूनहि टोपीला पाठीपासून तोडल्यासारखा दिसतो. तो स्पष्ट दिसला तर पक्षी लगामी हें म्हणावयास आधार आहे. तो दिसला नाहीं तर?

येथें या विद्येंतील सर्वांत नाजूक गांठ आहे. “पट्टा दिसला नाहीं” आणि “पट्टा नव्हता” हीं दोन वाक्यें एक नव्हेत. पहिलें वाक्य पाहणाऱ्याविषयीं आहे, दुसरें पक्ष्याविषयीं. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारणें वादळांत फार सोपें असतें, आणि मागाहून आपण उडी मारली हें मनुष्याच्या लक्षांतहि राहत नाहीं. विल्सनच्या पेट्रेलचें बूड पांढरें असतें आणि तो पांढरेपणा बाजूंकडेहि उतरलेला असल्यामुळें कडेनें पाहतांनाहि बहुधा दिसतो. जपान-कोरियाकडच्या बेटांवर वीण करून अरबी समुद्रापर्यंत येणाऱ्या स्विनहोच्या पेट्रेलचें बूड मात्र गडद असतें. एका क्षणाच्या दर्शनांत पांढरें बूड दिसलें नाहीं म्हणून “स्विनहोचा पेट्रेल” अशी दुर्मिळ नोंद करणें म्हणजे आपल्या डोळ्यांची चूक पक्ष्याच्या नांवें लिहिणें होय. बूड दिसण्याजोगी स्थिति होती काय, पाठ आपल्याकडे वळली होती काय, हें आधीं विचारलें पाहिजे. काजळी सुरयाचीं पिल्लें तर या घोटाळ्यांत आणखी भर घालतात. तीं सर्वांगानें धुरकट काळसर असून पाठीवर फिके ठिपके वागवितात. ज्यानें तीं पूर्वीं पाहिलीं नाहींत तो त्यांना बेधडक नॉडी ठरवून मोकळा होतो. शेपटीची दुभंग आणि शेपटीखालचा फिकेपणा कोणी पाहिला असेल तरच तो सांवरतो.

एवढी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी म्हणेल. एका पांखराचें नांव चुकलें तर काय बिघडलें? याचें उत्तर न्यूझीलंडकडील एका घटनेंत मिळतें. तेथील एका लहान पेट्रेलचे एकोणिसाव्या शतकांत गोळा केलेले अवघे तीन नमुने युरोपांतील संग्रहालयांत होते. त्यानंतर तो कोणास आढळला नाहीं आणि तो नामशेष झाला अशीच समजूत होती. २००३ च्या जानेवारींत न्यूझीलंडच्या उत्तर बेटाजवळ समुद्रावर गेलेल्या निरीक्षकांनीं एका काळ्या-पांढऱ्या पेट्रेलचीं छायाचित्रें घेतलीं. पोटावर रेघोट्या असलेला हा पक्षी कोणत्याच ज्ञात पेट्रेलशीं नीट जुळेना. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हाउराकी आखातांत तसे अनेक पक्षी दिसले. तोच तो हरवलेला पेट्रेल होता. २०१३ मध्यें त्याची वीण लिटल बॅरिअर बेटावर होत असल्याचें सिद्ध झालें, आणि हें बेट ऑकलंडसारख्या मोठ्या शहरापासून फार दूर नाहीं. पिढ्यानपिढ्या होड्या ज्या पाण्यांतून जात-येत होत्या, त्याच पाण्यावर हा पक्षी उडत होता. एखाद्या पक्ष्याचें कोठें संरक्षण करावयाचें, कोणत्या बेटावरील उंदीर-मांजरें नाहींशीं करावयाचीं, हें सारें तो आहे हें कळल्यावर ठरतें. त्या बेटावरील मांजरें १९८० पर्यंत आणि उंदीर २००४ मध्यें हटविले गेले होते. हें काम दुसऱ्या प्राण्यांसाठीं केलेलें होतें, पण त्याचा लाभ कोणाला ठाऊक नसलेल्या या पांखरालाहि मिळाला.

अरबी समुद्राची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. शतकानुशतकें गलबतें चालत आलेल्या या समुद्रांतील एका गडद पेट्रेलला स्वतंत्र जात म्हणून शास्त्रांत स्थान मिळालें तें १९५५ मध्यें, फ्रेंच पक्षितज्ज्ञ क्रिस्त्यां जुआनें यांच्या लेखामुळें. बुल्वरच्या पेट्रेलहून हा मोठा आणि जाड चोंचीचा. त्याच्या विणीचीं ठिकाणें सोकोत्राच्या कड्यांत सांपडलीं तीं आणखी कितीतरी वर्षांनीं. आपल्या किनाऱ्यासमोर पावसांतून गेलेल्या एखाद्या “काळसर, मध्यम, ताठ पंखांच्या” पक्ष्याची नोंद चुकीच्या नांवाखालीं दडपली गेली तर ती पुन्हां हातीं लागत नाहीं. तीच नोंद नांवाशिवाय पण वर्णनासह राहिली असेल तर पुढें ज्ञान वाढल्यावर तिच्यांतून अर्थ काढतां येतो.

या कामीं मनाचा खोडकरपणाहि लक्षांत घेतला पाहिजे. डोळ्यांनीं अर्धवट पाहिलेलें मन पूर्ण करतें, आणि तें पूर्ण करतांना जवळ असलेलें चित्र वापरतें. निरीक्षकानें पक्षी दिसतांच पुस्तक उघडलें तर पांच मिनिटांनंतर त्याला आठवतें तें पुस्तकांतलें चित्र. शेजाऱ्यानें “अमुक असावा” असें म्हटलें तर दोघांनाहि त्या अमुकाचीं लक्षणें दिसलीं होतीं असें वाटूं लागतें. म्हणून अनुभवी लोकांचा नियम असा कीं, आधीं लिहावें, मग बोलावें आणि शेवटीं पुस्तक उघडावें. दोघे जण असतील तर दोघांनीं वेगवेगळें टिपून घ्यावें. काय दिसलें, किती वेळ दिसलें, कोणत्या बाजूनें, उजेड कोठून होता, वारा किती होता, आणि काय पाहावयाचें राहिलें, हें सर्व कागदावर यावें. यांतील शेवटची बाब बहुतेक वह्यांत सांपडत नाहीं, आणि तपासणाऱ्याला हवी असते तीच.

पुस्तकें आतां उत्तम मिळतात. समुद्रप्रवाशांसाठीं डब्ल्यू. बी. अलेक्झांडर यांचें ‘बर्ड्स ऑफ द ओशन’ १९२८ मध्यें निघालें, आणि पीटर हॅरिसन यांचें जगांतील सर्व समुद्रपक्ष्यांचें मार्गदर्शक पुस्तक १९८३ मध्यें. छायाचित्रणाच्या नव्या यंत्रांनीं तर एका सेकंदांत दहा-दहा चित्रें घेतां येतात, आणि त्यांतील एखाद्या पुसट चित्रांत डोळ्याला न दिसलेली खूण सांपडते. परंतु यंत्रालाहि पाऊस लागतोच. लाटेच्या फेंसावर नजर रोखून पक्ष्याला धूसर सोडण्याची त्याला मोठी हौस असते. शिवाय चित्रांतील रंगाचा भरंवसा डोळ्याइतकाच थोडा.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे हातांत आलेला पक्षी. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील खोल समुद्रांतील पक्ष्यांच्या अनेक नोंदी वाळूवर येऊन पडलेल्या पांखरांमुळेंच झाल्या आहेत. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं १८७५ च्या आरंभीं पश्चिम किनारा व लक्षद्वीप येथें केलेल्या सफरीची हकीकत पुढच्या वर्षीं आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकांत दिली. पण ती शांत समुद्रावरची सफर होती. पावसाळ्यांत तसें जातां येत नाहीं, तेव्हां समुद्र जें आणून टाकील तेंच अभ्यासावें लागतें. बूबीची एक मोठी पांढरी जात, जिच्या तोंडावर काळा मुखवटा असतो, ती मुंबई व कोंकणच्या किनाऱ्यांवर पावसाळ्यांत अशीच दमलेल्या स्थितींत सांपडलेली आहे. फ्रिगेट पक्ष्याचें दुःख आणखी वेगळें. त्याच्या पंखांचा पसारा दोन मीटरांच्या आसपास, परंतु पिसें पाण्यानें भिजतात म्हणून तो समुद्रावर बसूं शकत नाहीं. वादळांत त्याला वाऱ्याबरोबर जाण्यावांचून गति नसते, आणि तो कधीं कधीं शहरांच्या छपरांवरून तरंगतांना दिसतो. वाळूवर असा जिवंत पक्षी आढळला तर लोक दयेपोटीं त्याला उचलून पुन्हां लाटांत सोडतात. तें न करणें बरें. तो पाण्यांतूनच हार खाऊन आलेला असतो. कोरड्या, हवा खेळेल अशा खोक्यांत अंधारांत ठेवून वनखात्यास कळवावें; तोंडांत पाणी ओतूं नये. मेलेला आढळला तर मोजपट्टी शेजारीं ठेवून चोंच, पाय, पंखांची वरची व खालची बाजू यांचीं छायाचित्रें घ्यावींत. पुळणीवर पहाटे फिरणारा कोणीहि हें करूं शकतो, आणि त्याला पक्षिशास्त्र यावयास हवें असें नाहीं.

मात्र पक्षी हातांत आला कीं प्रश्न सुटलाच, असें सर्व जातींच्या बाबतींत नाहीं. पावसाळ्याच्या दिवसांत हिंदी महासागराच्या उत्तरेकडे येणारे मोठे स्कुआ दोन दक्षिणी जातींचे असूं शकतात: एक तपकिरी स्कुआ आणि दुसरा दक्षिण ध्रुवाकडचा. दोघेहि भारदस्त, गडद, दुसऱ्या पक्ष्यांचा पाठलाग करून त्यांची मासळी हिसकावणारे, आणि पंखांच्या टोंकांकडे पांढरा ठळक डाग असलेले. अंगाची ठेवण, चोंचीची जाडी, मानेचा फिकेपणा या खुणा एकमेकींत मिसळतात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे, जेथें दोघांच्या वसाहती शेजारीं आहेत, तेथें त्यांचा संकरहि होतो. त्यामुळें जवळून, स्वच्छ उजेडांत, छायाचित्रासह पाहिलेला स्कुआसुद्धां तज्ज्ञांच्या यादींत कधीं कधीं अनिर्णीत राहतो. मग सरींतून, वाऱ्याच्या झोतांत, एका सुरयाच्या मागें लागून क्षणभर दिसलेला आणि पाण्याच्या धुराळ्यांत मिसळून गेलेला स्कुआ निरीक्षकाच्या वहींत कसा उतरावा? “मोठा स्कुआ, जात अनिश्चित, पंखांवरचे पांढरे डाग स्पष्ट, मान दिसली नाहीं, सहा सेकंद, वारा नैर्ऋत्येचा, जोराचा, उत्तरेकडून दक्षिणेकडे.” एवढें लिहून झाल्यावर भिंग पुसावें आणि पुन्हां समुद्राकडे वळावें, कारण तोंवर दुसरें कांहींतरी गेलेलें असतें.